नाभी कुठे असते?

भाचीची अकरावी चालू आहे. बारावीनंतर गणित सोडायचं असं तिने ठरवलंय, आणि गंमत म्हणजे गणितं तिला येतात! २४क्ष² + २५य² = ६०० दिलं की लगेच ६०० ने भागून क्ष²/२५ + य²/२४ = १ करते, शिरोबिंदू (±५, ०), नाभी (±१, ०) लिहून मोकळी.

"पण मामा, फोकस म्हणजे काय ते कुणी सांगतच नाही. २५ वजा २४, वर्गमूळ, झालं."

मला पटलं. शिरोबिंदू निदान दिसतात, य शून्य केला की क्ष मिळतो. नाभी (आमच्या पुस्तकात हाच शब्द होता, मला तो फोकसपेक्षा आवडतो) वक्रावर नसतेच.

मग पुठ्ठा घेतला. २ सेमी अंतरावर दोन टाचण्या, त्यांना १० सेमी दोऱ्याची दोन टोकं, आणि दोरा ताणून धरत पेन्सिल फिरवायची. पेन्सिल सगळ्यात वर पोचली की दोऱ्याचे दोन्ही भाग सारखे, ५-५ सेमी. केंद्रापासून टाचणी १ सेमीवर. काटकोन त्रिकोण! कर्ण ५, पाया १, उंची √२४. म्हणजे ते २५ वजा २४ म्हणजे आपला पायथागोरसच की.

"एवढंच?" मग जरा वेळाने, "पण हे तर गोलच दिसतंय."

मोजलं. रुंदी १०, उंची ९.८. आकार जेमतेम दोन टक्के दबलेला, पण नाभी मात्र केंद्रापासून शिरोबिंदूच्या दिशेने वीस टक्के सरकलेली. मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं. मंगळाची कक्षा तर अर्धा टक्कासुद्धा दबलेली नाही, तरी सूर्य तिच्या मध्यापासून दोन कोटी किलोमीटरहून जास्त बाजूला आहे. टायको ब्राहेची निरीक्षणं घेऊन केप्लर वर्षानुवर्षं झटला, तेव्हा कुठे १६०९ साली त्याने हे लंबवर्तुळ छापलं.

"आणि दुसऱ्या नाभीत कोण असतं?"

"कुणीच नाही. रिकामी."

हे तिला फार आवडलं, का कोण जाणे.

गणित सोडायचं की नाही, तो तिचा प्रश्न. पण परवा क्ष²/९ + य²/२५ = १ आलं, तेव्हा सूत्र न बघता तिने टाचण्या उभ्या रेषेत लावल्या, (०, ±४) वर. दोरा तोच, १० सेमीचा. पुरला :)