संमति आणि सही

मुळशीचें नांव निघालें कीं आम्हांस ‘संमति’ हा शब्द आठवतो. १९२१ सालीं या खोऱ्यांतील शेतकऱ्यांनीं, टाटांच्या विजेच्या धरणाखालीं आपल्या जमिनी बुडूं नयेत म्हणून सत्याग्रह केला. सेनापति बापट त्यांचे पुढारी होते. जमिनीचें मोल देऊं केलेलें होतेंच. परंतु मोल देऊं करणें निराळें आणि होकार मिळविणें निराळें, हें त्या मावळकरांनीं दाखवून दिलें.

हाच भेद अलीकडे एका अगदीं वेगळ्या ठिकाणीं आमच्या प्रत्ययास आला. मुळशीकडील आमच्या एका वृद्ध आप्तांस दम लागून शहरांतील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत न्यावें लागलें. परिचारिकेनें त्यांच्या मुलापुढें टॅब्लेट धरला. पडद्यावर इंग्रजी मजकुराचीं पानें, खालीं रिकामा चौकोन. “दादा, इथं बोटानं सही करा,” एवढेंच ती म्हणाली. तिला आणखी चार खाटा पाहावयाच्या होत्या. मुलानें सही केली. घशांत नळी घालून यंत्रानें श्वास देणार, त्यासाठीं गुंगींत ठेवणार, नळी फार दिवस लागल्यास गळ्याला छिद्र पाडावें लागेल, हें त्याला पुढें एका तरुण डॉक्टरांनीं मराठींत समजावलें, तेव्हां कळलें. आमच्या मतें खरी संमति त्या घटकेस मिळाली. आधीं मिळाली ती केवळ सही.

यंत्राला आमचा विरोध नाहीं. कागद गहाळ होतो, अक्षर लागत नाहीं. पडद्यावरील सहीची वेळ नोंदली जाते. मजकूर मराठींत वाचून दाखवितां येतो, नळीचें चित्र दाखवितां येतें, परगांवच्या मुलीसही तो पाठवितां येतो. मात्र समीरा कोहली यांच्या खटल्यांत २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, उपचाराचें स्वरूप, त्यांतील धोके व दुसरे मार्ग समजल्यावरच दिलेली संमति खरी. आणि तपासणीस दिलेला होकार शस्त्रक्रियेस लागू पडत नाहीं. प्राणसंकटांत डॉक्टरांनीं सहीसाठीं थांबूं नये, हें उघडच आहे. इतर वेळीं मात्र पडद्यामुळें वाचलेलीं पांच मिनिटें रुग्णाच्या माणसांशीं बोलण्यांत खर्चावीं. “आतां काय करणार आहोंत, तें तुमच्या शब्दांत सांगा पाहूं,” असें विचारावें. त्यांस सांगतां आलें नाहीं, तर सहीचा चौकोन पुढें करूं नये.