पेजेची वाटी आणि वहिनींचे ताट

हैदराबाद शहरात कोठी नावाचा एक गजबजलेला भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज रेसिडेंटासाठी येथे जो भव्य वाडा बांधला गेला, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. त्या वाड्यात पुढे मुलींचे महाविद्यालय भरू लागले आणि आता तेथे महिला विद्यापीठ आहे. १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी ही मराठी शाळाही जवळच आहे. त्यामुळे सुलतान बाजाराच्या गल्ल्यांतून हिंडताना तेलुगू व उर्दूच्या जोडीने आपली मराठीही कानी पडते. आमचे थोरले बंधू नोकरीनिमित्त येथेच बिऱ्हाड करून राहिले आहेत. गेल्या वर्षी चार महिने आम्ही त्यांचे पाहुणे होतो. पाहुणे कसले, रोगीच म्हणावयाचे!

आमचे वजन ११८ किलोवर गेले होते. साखर आटोक्यात राहत नव्हती आणि विहिरीवरून घरापर्यंतची चढण चढताना गुडघे बोलत होते. अखेर डॉक्टरांच्या सल्ल्याने वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया करून घेण्याचे ठरले. या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे पाऊण भाग काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची एक अरुंद पिशवी तेवढी मागे ठेवतात. गावात बातमी पसरताच कोणी म्हणाले, ‘‘तोंडाला कुलूप लावले असते तर पोट कापावे लागले नसते.’’ बोलणाऱ्यांवर आमचा राग नाही. पण लठ्ठपणा हा केवळ जिभेच्या लाडाचा परिणाम नसतो. शरीराची घडण व आनुवंशिकता यांचाही त्यात वाटा असतो, हे आज वैद्यकशास्त्रास ठाऊक झाले आहे.

शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. घरी सोडताना आहाराविषयीचा एक छापील कागद आमच्या हाती देण्यात आला होता. आम्ही तो घडी करून उशीखाली ठेवला व विसरून गेलो. इकडे वहिनींच्या मायेला पूर आला. सकाळी पेज, दुपारी फळांचा रस, सायंकाळी भाज्यांचे गाळलेले सार, रात्री पुन्हा पेज. पहिले काही दिवस द्रव आहारच घ्यावयाचा असतो, तेव्हा त्यात चूक नव्हती. पण तीन आठवडे लोटले तरी आम्ही पेजेपासून हललो नाही. आजाऱ्याला पेज द्यावी, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. शिवाय वजन भराभर उतरत होते, म्हणून आम्ही खुशीत होतो.

महिना भरला तेव्हा बिऱ्हाडाचा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आम्ही पायरीवरच बसलो. तपासणीस गेलो तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी खाण्याची सारी हकीकत ऐकून घेतली व शांतपणे म्हणाल्या, ‘‘तुमची चरबी उतरते आहे, पण तिच्याबरोबर स्नायूही उतरत आहेत.’’ प्रथिने पोटात गेली नाहीत तर शरीर आपलेच स्नायू मोडून गरज भागविते. जखमा भरून येण्यास वेळ लागतो. हातापायांतले बळ जाते. अशा रोग्यास दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत, शक्य तर ८० पर्यंत. पेज व रस यांवर आम्हांस पंधराही मिळत नसावीत! पोट एवढेसे झाले असताना त्यातली जागा आम्ही पाण्याने भरीत होतो.

त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद लागला. कोठीच्या पदपथावर जुन्या पुस्तकांची दुकाने मांडलेली असतात. तेथे बंधूंना भारतीय अन्नपदार्थांतील पोषणमूल्यांची कोष्टके असलेले एक जुने पुस्तक मिळाले. ते राष्ट्रीय पोषण संस्थेचे होते, आणि ही संस्था याच शहरात, तारनाका भागात आहे. १९१८ साली कुन्नूर येथे एका खोलीत बेरीबेरी रोगाच्या अभ्यासासाठी तिचा आरंभ झाला आणि १९५८ साली ती हैदराबादेस आली. कोणत्या धान्यात, डाळीत, मासळीत काय आहे, हे त्या कोष्टकांत मांडले होते.

ते पाहून वहिनींनी कागद भरला. दोन अंडी, १३ ग्रॅम; साय काढलेले ४०० मिलिलिटर दूध, सुमारे १३; त्यात मिसळलेली २५ ग्रॅम दुधाची भुकटी, ९; कुस्करलेले ५० ग्रॅम पनीर, ९; वाफवलेली, काटे काढलेली ७५ ग्रॅम मासळी, सुमारे १५; ३० ग्रॅम मूगडाळीचे घट्ट वरण, ७. बेरीज ६६ झाली. हे सारे सहा वेळांत वाटून, लहान चमच्याने, प्रत्येक घास चावून चावून खावयाचे. प्रथिनांचा घास आधी, भाजी नंतर, आणि जागा उरली तर भात. जेवताना पाणी प्यावयाचे नाही. अर्ध्या तासाने प्यावयाचे. या शस्त्रक्रियेनंतर जीवनसत्त्वे, लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, त्याही सुरू होत्याच. तिसऱ्या महिन्यात केस गळू लागले तेव्हा मन खट्टू झाले. पण पुष्कळांचे गळतात व बहुधा पुन्हा येतात, असे समजल्यावर धीर आला. जिना मात्र आता आम्ही न थांबता चढत होतो.

येथपर्यंतची कथा आमची झाली. खरी गोष्ट पुढेच आहे.

एके दुपारी सर्वांची जेवणे आटोपल्यावर वहिनी एकट्या ताट घेऊन बसल्या होत्या. ताटात भाताचा ढीग, त्यावर वरणाचे पाणी आणि कडेला चटणी. अंडी आमच्यासाठी उकडली होती, मासळीचे तुकडे मुलांना गेले होते. आम्ही सहज विनोदाने म्हणालो, ‘‘वहिनी, आज तुमचाही हिशेब मांडू या.’’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘भावोजी, माझे कसले हिशेब? मी काय आजारी आहे?’’ तरी आम्ही कागद घेतला. दिवसभराचा अडीचशे ग्रॅम तांदूळ, १७ ग्रॅम. दोन पोळ्या, ६. वरणातली डाळ, ३. चहातले दूध, ३. बेरीज २९ झाली. निरोगी माणसास वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने असावीत, असे आपल्या देशाचे प्रमाण आहे. वहिनींचे वजन ५५ किलो. म्हणजे त्यांना ४६ ग्रॅम हवीत.

आम्ही गप्प झालो. आमच्या पोटासाठी ग्रॅम ग्रॅम मोजणाऱ्या बाईचे स्वतःचे पोट कोणी मोजलेच नव्हते. सायंकाळी हात दुखतात, उठताना कंबर धरते, असे त्या अधूनमधून म्हणत, आणि आम्ही सारे ते वयावर घालून मोकळे होत असू. ते दुखणे केवळ प्रथिनांच्या उणिवेचे होते, असा आमचा दावा नाही. पण उणीव होती, आणि ती आमच्या डोळ्यांदेखत रोज ताटात वाढली जात होती.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीवर दोन कागद लागले. वहिनींसाठी भाताची एक मूद कमी झाली. वरण घट्ट झाले. एक अंडे व वाटीभर दही त्यांच्या नावाने राखले जाऊ लागले. गावाहून आम्ही सुके बोंबील मागविले. त्यांत शंभर ग्रॅममागे साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, हे त्याच कोष्टकात वाचून आम्हांस नवल वाटले होते. बंधू तर आता स्वतः त्यांचे ताट वाढून त्यांना आपल्याबरोबर बसवितात. खर्च फारसा वाढला नाही.

वाचकहो, शस्त्रक्रियेची पाळी आपणांपैकी थोड्यांवरच येईल. ज्यांच्यावर येईल त्यांनी आमच्यासारखा कागद उशीखाली ठेवू नये, आणि प्रथिनांची भुकटी घ्यावयाची तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी तर प्रथिने वाढविण्यापूर्वी अवश्य विचारावे. पण शेवटी जेवणारी एक बाई आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आहे. आज रात्री तिच्या शेजारी पाट मांडून बसावे व तिच्या ताटात काय उरले आहे ते एकदा पाहावे. आम्ही गावी परतलो त्या रात्री प्रथम तेच केले, आणि आमच्याही घरी भिंतीवर कागद लावावा लागला.