मागे घेताना

आमच्याकडे गाडी आहे हे चाळीला कळायचं ते गाडी मागे घेताना. पुढे जाताना अण्णांची पद्मिनी सभ्यपणे निघायची. पण बोळाच्या तोंडाशी वळायला जागा नव्हती, त्यामुळे रोज सकाळी तिला रिव्हर्समध्ये घालावं लागे, आणि मग ‘खर्रर्र’! समोरच्या काकू गॅलरीतून विचारायच्या, ‘काय हो, आज जास्तच दुखतंय का तिला?’ गंमत म्हणजे रविवारी हा आवाज यायचा नाही. गाडी तीच, बोळ तोच, अण्णाही तेच. रविवारी त्यांना ऑफिस गाठायचं नसे, एवढाच फरक.

त्याचं कारण कुर्ल्याच्या मिस्त्रींनी मला समजावलं. पद्मिनीही कुर्ल्याचीच, वालचंद हिराचंदांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, त्यामुळे त्या भागातल्या मिस्त्रींना ती माहेरवाशिणीसारखी माहीत. ते म्हणाले, ‘क्लच दाबला म्हणजे इंजिनचा हात सुटला. पण आतला शाफ्ट लगेच कुठे थांबतो? तो आपल्या तोऱ्यात फिरतच असतो.’ इंजिन नुसतं सुरू असताना मिनिटाला ८००च्या आसपास फेरे मारतं, म्हणजे सेकंदाला तेरा. क्लच दाबल्यावरही तो शाफ्ट दोन-तीन सेकंद वेग टिकवून असतो. पुढच्या गिअरांना याचा त्रास होत नाही. त्यांचे दाते कायम एकमेकांत गुंतलेले असतात आणि वेग जुळवून घ्यायला मध्ये पितळेची एक कडी असते. ही सिंक्रोमेशची सोय १९२८ साली कॅडिलॅकने प्रथम गाड्यांत आणली. रिव्हर्सला मात्र बहुतेक गाड्यांत ती दिलीच नाही. गाडी उभी असतानाच मागे घ्यायची, मग कशाला खर्च, असा साधा हिशोब. तिथे एक छोटा गिअर सरकत येऊन दोन गिअरांच्या मध्ये शिरतो आणि फिरण्याची दिशा उलटी करतो. शिरायच्या वेळी शेजारी फिरत असला, तर दात दातावर आपटतात.

त्या गिअरचे दाते सरळ कापलेले असतात, म्हणून मागे जाताना गाडी ‘ऊंऽऽ’ असा सूर धरते. तो सूर म्हणजे दुखणं नव्हे. अनेक जण त्यालाच घाबरून गॅरेजात जातात आणि खऱ्या खर्रर्रकडे मात्र ‘जुनी झाली’ म्हणून दुर्लक्ष करतात.

पुढे माझी स्वतःची गाडी आली, मारुती ८००. १९८३च्या डिसेंबरात पहिल्या मालकाला इंदिरा गांधींच्या हस्ते किल्ली मिळाली तेच मॉडेल, फक्त पुष्कळ नंतरचं आणि दुसऱ्या हातचं. तिला क्लचची केबल होती. केबल वापरून सैल पडते आणि पायाखाली पेडल पूर्ण दबलं तरी आत क्लच पूर्ण सुटत नाही. मग कितीही थांबा, शाफ्ट थांबणार कसा? इंजिन त्याला अर्धवट धरून फिरवतच असतं. हे ओळखायची खूण अण्णांनी सांगितली. सपाट जागेवर हँडब्रेक सोडून, क्लच तळापर्यंत दाबून गिअरमध्ये ठेव. गाडी जराशी जरी सरकली, तर दोष क्लचचा. सरकली. केबलचं नट चार आटे फिरवल्यावर आवाज बंद झाला.

सगळ्यात चमत्कारिक प्रकार कोकणात घडला. गाडी गावच्या घरी पडवीला लावून आम्ही मुंबईला परतलो होतो आणि अख्खा पाऊस ती जागची हलली नव्हती. गणपतीला गेलो तर एकही गिअर पडेना; रिव्हर्स तर किंचाळायलाच लागला. गावातला मेकॅनिक बॉनेटही न उघडता म्हणाला, ‘प्लेट चिकटली.’ दमट हवेत फ्लायव्हीलवर गंज धरतो आणि क्लच प्लेट त्याला घट्ट बसते. त्याने इंजिन गरम केलं, बंद केलं, मोकळ्या खळ्यात गाडी गिअरमध्ये ठेवली, क्लच दाबून स्टार्टर मारला. दोन हिसके बसले आणि प्लेट सुटली. हे आपण घरी करू नये. समोर भिंत असेल तर मुळीच नाही.

आता भाचीची गाडी हायड्रॉलिक क्लचची आहे. तिच्याकडे केबल नाही, तेल आहे, आणि पुष्कळ गाड्यांत ते ब्रेकच्याच टाकीतून येतं. तेलाच्या नळीत हवा शिरली की पेडल मऊ लागतं. भराभर तीन-चारदा पंप केल्यावर गिअर नीट पडला, तर हवा शिरल्याचं समजावं. पण तिच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. आवाज फक्त ती चालवताना यायचा, तिच्या नवऱ्याच्या हातात नाही. तो उंच, त्याने सीट मागे सरकवून ठेवलेली, आणि वर नवा जाडजूड रबरी मॅट पेडलखाली गोळा झालेला. तिचा पाय तळाला पोचतच नव्हता.

या गाडीला एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवायचा अंदाजखर्चही लिहून दिला होता. आवाज गिअरबॉक्समधून येतो, म्हणून रोग तिथेच असणार, हा तर्क गिऱ्हाइकालाही पटतो. म्हणूनच तो कागद सहज खपतो. माझा अनुभव उलट आहे. बहुतेक वेळा आवाज खाली डब्यात होतो आणि दोष पायापाशी सापडतो. डबा खरोखरच बिघडला असेल, तर तो वेगळ्या खुणा दाखवतो. इंजिन बंद असतानाही रिव्हर्स अडतो, मागे जाताना आपोआप निसटून न्यूट्रलला येतो, किंवा तेल काढताना बोल्टला धातूच्या बारीक कपच्या चिकटून येतात. तेव्हा मात्र टाळाटाळ नको. दाते एकदा तुटायला लागले की कपच्या सगळ्या बॉक्सभर फिरतात.

एरवी कुणी गिअरबॉक्स उतरवूया म्हणालं, तर आधी एवढं करा. मॅट काढा, सीट पुढे घ्या. इंजिन बंद ठेवून रिव्हर्स टाकून पाहा. नाही पडला, तर क्लच सोडून पुन्हा दाबा आणि परत टाका. मग इंजिन सुरू करा, क्लच पूर्ण दाबून दहा आकडे मोजा आणि टाका. तरीही करकरला, तर उभ्या गाडीतच एकदा पहिला गिअर टाकून मग रिव्हर्सला या. या दोन्हींपैकी एका वेळी जरी गाडी गप्प राहिली, तर गॅरेजचा कागद खिशातच राहू द्या.