पडलेल्या गाडीला लगेच किक मारू नका

आपल्या वस्त्यांमध्ये आज बहुतेक घरांसमोर एक मोटारसायकल उभी दिसते. ती हौसेची नसते. कोणी तिच्यावर आठवडी बाजाराला माल नेतो, कोणी दूध घालतो, कोणी वणीच्या खाणीत पाळीवर जातो. गाडी बंद पडली म्हणजे त्या घरची मजुरी बंद पडते. म्हणून या गाडीच्या पोटात काय चालते हे घरातल्या सर्वांनाच थोडेफार ठाऊक असावे, असे मला वाटते.

अपघात झाला की पहिला विचार माणसाचा करावा. डोक्याला मार लागला असेल, उलटी होत असेल, बोलणे अडखळत असेल, तर गाडी तिथेच राहू द्यावी आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. मदत करणाऱ्याला पोलिसांच्या चौकशीची भीती वाटते. पण २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जखमीला प्रामाणिकपणे मदत करणाऱ्या माणसाला संरक्षण मिळाले. रस्त्यावर पडलेल्या माणसाला ओलांडून पुढे जाणे ही करुणा नव्हे.

माणूस सुखरूप आहे असे दिसले की जमलेली मंडळी गाडी उभी करतात आणि एकच सांगतात, "मार न किक, पाह्य चालू होते काय!" चाळीस वर्षे मी गाड्यांचे काम करतो आहे. पडण्याने जेवढी इंजिने खराब झाली नाहीत, तेवढी या एका किकने झालेली मी पाहिली.

त्याचे कारण साधे आहे. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली जागा मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढीच असते, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी. त्या जागेत ऑईलचा पातळ थर असतो. तिथे वाळूचा एक कण शिरला, तर तो दर फेरीला सिलिंडरच्या भिंतीवर चर पाडतो. मग कॉम्प्रेशन उतरते, गाडी ऑईल खाते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. त्या दिवशी काहीच कळत नाही. महिना-दोन महिन्यांनी कळते, आणि तेव्हा बोअर-पिस्टनचा खर्च समोर उभा राहतो.

आपल्या जिल्ह्यात घाणीचे प्रकारही निरनिराळे आहेत. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी चिकटते. ती ऑईलमध्ये गेली तर ऑईलची जाळी बुजवते. रस्त्याच्या कडेचा मुरूम आणि नदीची वाळू मात्र सरळ कापतात. वणीकडे त्यात कोळशाची धूळ मिसळते.

मागच्या वर्षी अशोक विजयादशमीनंतरच्या आठवड्यात माझा भाचा आर्णी रस्त्यावर पडला. पहाटेची वेळ होती, गाडीला मागे तयार कपड्यांचे गाठोडे होते. पऱ्हाटीच्या वावरातून एक रोही एकदम रस्त्यावर आला. गाडी मुरमावरून घसरत नालीत गेली आणि जागीच बंद पडली. हेल्मेट होते म्हणून खरचटण्यावर निभावले. ती गाडी माझ्या बहिणीने बचत गटाच्या कर्जातून घेतलेली, आणि हप्ते अजून बाकी. लोक किक मारायला सांगत होते, बाजार हुकत होता. पोराने मला फोन लावला. "मामा, एक किक मारून पाहू काय?"

मी म्हटले, "नको बाप्पा. चावी बंद कर, पेट्रोलचा कॉक बंद कर आणि गाडी तशीच टेम्पोत टाकून आण."

गाडी घरी आली. सर्वप्रथम आम्ही काहीही न खोलता ती बाहेरून स्वच्छ केली. हे फार महत्त्वाचे आहे. प्लगभोवती, ऑईलच्या झाकणाभोवती, कार्बोरेटरभोवती माती बसलेली असते. ती न काढता नट सैल केला, तर आपण आपल्याच हाताने माती आत ढकलतो. कोरड्या ब्रशने आधी झाडावे, मग डिझेलमध्ये ब्रश बुडवून चिखल काढावा. जोराच्या पाण्याचा फवारा आणि हवेचा पाईप या वेळी दूर ठेवावा. त्याने माती निघत नाही, आत जाते.

नंतर हवेची वाट पाहिली. इंजिनात हवा फिल्टरच्या डब्यातून, रबराच्या पाईपमधून, कार्बोरेटरमधून जाते. डबा एका कोपऱ्याला फुटला होता आणि रबरी पाईप कार्बोरेटरवरून निसटला होता. बहिणीने जुन्या पांढऱ्या लुगड्याचा तुकडा दिला. तो बोटाला गुंडाळून मी कार्बोरेटरच्या तोंडात फिरवला. कापडावर लाल मुरमाचे कण आले. पोराचा चेहरा उतरला. तो मुरूम तोंडाशी बसला होता. किक मारली असती, तर पहिल्याच ओढीला सारा आत गेला असता.

फिल्टरच्या आतल्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला कापड फिरवणे हीच खरी परीक्षा आहे. कापड स्वच्छ निघाले तर हवेच्या वाटेची चिंता नाही. कण आले तर कार्बोरेटर उतरवून धुवावा आणि त्याच्या पुढच्या भोकातही बॅटरी लावून, कापड फिरवून पाहावे. आमच्या गाडीत तिथे कापड पांढरेच निघाले. प्लग काढून आतही पाहिले, पिस्टनचे डोके कोरडे आणि स्वच्छ होते. तिथे कण दिसले असते तर हेड खोलण्यावाचून उपाय नव्हता.

मग ऑईल. गाडी आडवी पडली की कार्बोरेटरमधले पेट्रोल कधी इंजिनात उतरते. ऑईलला पेट्रोलचा वास येत असेल, ते पाण्यासारखे पातळ झाले असेल, तर ते निरुपयोगी. दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर पाणी शिरले आहे. ऑईल स्वच्छ पातेल्यात काढून रात्रभर ठेवावे. सकाळी वरचे हळूच ओतून घ्यावे आणि तळाचा गाळ पांढऱ्या कागदावर पसरावा. कागदाखाली लोहचुंबक फिरवावे. जे चुंबकामागे सरकते ते लोखंड. जे सरकत नाही पण पत्र्यासारखे चमकते ते ॲल्युमिनियम. मऊ काळपट भुगा क्लच प्लेटचा. आणि जे सरकत नाही, बोटाला खरखर लागते, काचेच्या तुकड्यावर घासले तर ओरखडा पाडते, ती वाळू. खाली इंजिनाच्या पेटीला तडा गेला आहे का, ऑईलचे झाकण जागेवर आहे का, हेही पाहावे. आमच्या गाळात वाळू नव्हती.

डबा बदलला, फिल्टर नवा घातला. जुन्या गाड्यांत फोमचा फिल्टर असतो. तो साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, ऑईलमध्ये बुडवून पिळून बसवता येतो. कागदी फिल्टर मळला की नवाच घ्यावा. शंभर सीसीच्या गाडीला ऑईल एक लिटरच्या आतबाहेर लागते. ते नवे भरले, प्लग काढून ठेवला आणि टॉप गिअरमध्ये मागचे चाक हाताने हळूहळू फिरवले. कुठे खरखर नाही, अडखळणे नाही. त्यानंतरच किक मारली. दोन दिवस गाडी चालवून ते ऑईलही बदलले. तीन बाजार बुडाले, पण इंजिन वाचले आणि हप्ता थकला नाही.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर नाही, इंजेक्टर आहे. काही गाड्या आडव्या पडल्या की आपोआप बंद होतात. तरीही हवेची वाट आणि ऑईल यांची तपासणी तीच आहे.

हे सारे मी कोणाकडून सहज शिकलो नाही. १९८४ साली आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दाखला घेऊन मी एका गॅरेजात लागलो. माझी जात कळल्यावर मालकाने मला गाड्या धुण्याला लावले. इंजिन खोलण्याचे काम दुसऱ्या मुलांचे, माझा चहाचा कप वेगळा. दोन वर्षे मी फक्त चिखल काढला. रात्री घरी येऊन ट्रेडचे पुस्तक वाचायचे आणि दिवसा खोललेल्या इंजिनाकडे दुरून पाहायचे. ज्ञान आपल्यापासून लपवले जाते ते असे. कुलूप दिसत नाही, पण हात लावू देत नाहीत.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १९४२ साली ते व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले आणि त्यात आपल्या मुलांना तांत्रिक शिक्षण मिळावे अशी मागणी केली. आपल्या मुलामुलींनी आयटीआयचा दाखला घ्यावा, पाना हातात धरावा, आणि त्यात कमीपणा मानू नये. मुलींनीही. माझ्या भाचीने त्या दिवशी चुंबकाची परीक्षा भावापेक्षा नीट केली.

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले, की ऐकीव आहे म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून मान्य करू नका, स्वतः पारखून घ्या. काही होत नाही म्हणणारी गर्दीही ऐकीवच, आणि इंजिन गेले म्हणून सांगून सगळे खोलायला लावणारा मिस्त्रीही ऐकीवच. मी सांगतो तेही तपासूनच घ्या. पांढरे कापड, स्वच्छ पातेले, लोहचुंबक आणि काचेचा तुकडा, एवढ्यात खरे काय ते समोर येते. गाडी उधारीची असो की रोखीची, तिच्यावर घर चालते. दारू पिऊन ती चालवू नका, हेल्मेटशिवाय तिच्यावर बसू नका, आणि पडलीच तर तपासल्याशिवाय किक मारू नका.

जयभीम!