निशाणी २३

आईने १९८७ साली मामाला लिहिलेले एक अंतर्देशीय पत्र न्यायालयाच्या दप्तरात ‘निशाणी २३’ या नावाने जमा आहे. त्यातील ‘मला काही नको’ या तीन शब्दांवर तिचा दावा फेटाळला गेला. पवई गावातील आजोबांच्या घरात आपला वाटा मिळावा, एवढीच तिची मागणी होती. आजोबा मृत्युपत्र न करता गेले. अशा वेळी १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीलाही वारस मानले आहे. परंतु उलटतपासणीत तिच्यापुढे ते पत्र धरण्यात आले. ‘अक्षर तुमचेच ना?’ ‘हो.’ ‘मला काही नको, असे लिहिले होते ना?’ ‘लिहिलं होतं.’ बहिणीने हक्क सोडला, असा निष्कर्ष त्यातून निघाला. मी मागच्या बाकावर बसले होते. कबूल करायला हवे की, आई आपल्याच शब्दांनी हरली असे त्या दिवशी मलाही वाटले.

आमच्या इमारतीत, तलावाच्या अंगाला, एक वकीलबाई राहतात. त्या मुख्यतः अपिले चालवतात. निकालानंतर आठवड्याने त्यांच्याकडे गेले तेव्हा माझ्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते : मामेभावांचे वागणे, आईचे आजारपण, गावात पुरून उरलेले जुने साक्षीदार. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “यातलं जवळजवळ काहीच मला वापरता येणार नाही. निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल आणि सगळं दप्तर आणा. उच्च न्यायालयात जायला नव्वद दिवस आहेत.”

मला तो रुक्षपणा वाटला. पण तीच त्यांच्या कामाची शिस्त होती. मूळ दाव्याचा वकील साक्षीदार उभे करतो, कागद दाखल करतो. अपिलाच्या वकिलाला संहिता तयारच मिळते. तीत नवा पुरावा घालायची मुभा क्वचित आणि सबळ कारण दाखवले तरच. दावा, लेखी कैफियत, साक्षी, निशाण्या हे सारे ओळीने वाचायचे. न्यायाधीशांनी दिलेली कारणे एकेक करून त्या पुराव्याशी ताडून पाहायची. जिथे कारण आणि पुरावा यांची गाठ पडत नाही, तिथे बोट ठेवायचे. ती बोटे म्हणजेच अपिलाचे मुद्दे. पहिल्या अपिलात वस्तुस्थिती आणि कायदा दोन्ही तपासता येतात. दुसऱ्या अपिलाला कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावाच लागतो.

तीन आठवड्यांनी त्यांनी मला बोलावले आणि पत्राची प्रत हाती दिली. “तुम्ही मराठी शिकवता ना? मग मोठ्यानं वाचा.”

पत्र आजीच्या तेराव्यानंतरचे होते. आधी आजीच्या शेवटच्या दिवसांविषयी लिहिलेले. मग तिच्या पाटल्या आणि भांडी कोणी घ्यायची, या मामाच्या प्रश्नाला उत्तर : ‘मला काही नको. आईचं एक लुगडं तेवढं माझ्यासाठी ठेव.’ आणि अगदी शेवटी, घडीजवळच्या जागेत, बारीक अक्षरात : ‘घराचं मी आले की बसून बोलू.’

ही शेवटची ओळ निकालपत्रात नव्हती. साक्षीत नव्हती. आणि माझ्याही वाचनात नव्हती.

“हा एक मुद्दा अर्थाचा,” बाई म्हणाल्या. “दुसरा कायद्याचा. घरातला वाटा अंतर्देशीय पत्रानं सुटत नाही. त्याला नोंदणी केलेला दस्त लागतो. पहिला पटला नाही तर दुसरा आहे.”

एका ओळीवरून कवितेचा निवाडा करू नका, असे दरवर्षी वर्गात सांगणारी मी त्या संध्याकाळी फारशी बोलू शकले नाही.

पुढे वाचत गेले तेव्हा दिसले की, हा प्रश्न मराठी वाङ्मयाला आणि वक्तृत्वाला नवा नाही. १९१६ साली बेळगाव आणि अहमदनगर येथील टिळकांच्या मराठी भाषणांवरून पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. मुंबई उच्च न्यायालयात टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले. तांत्रिकदृष्ट्या ते अपील नव्हे, फेरतपासणीचा अर्ज होता. परंतु न्यायालयाने सुट्या शब्दांवर भार न देता भाषणांचा एकंदर परिणाम पाहिला आणि नोव्हेंबरात तो हुकूम रद्द केला.

मात्र वरचे वाचन नेहमीच अधिक शहाणे असते, असेही नाही. १९६२च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’वर अश्लीलतेचा खटला झाला. मॅजिस्ट्रेटने लेखकाला निर्दोष ठरवले; त्याविरुद्धच्या अपिलात उच्च न्यायालयाने दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला; १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. एकच कथा, तीन न्यायालये. आक्षेपार्ह उतारे वेगळे काढून वाचायचे की कथेच्या संदर्भात, हाच तिथेही कळीचा प्रश्न होता. अपील म्हणजे न्यायाची हमी नव्हे; आधीच्या वाचकाने दिलेली कारणे दुसऱ्या वाचकापुढे तपासून घेण्याचा तो हक्क आहे.

आईचे अपील दाखल झाले आहे. तोवर घर विकले जाऊ नये म्हणून अंतरिम मनाईही मिळाली. सुनावणीची पाळी मात्र अजून आलेली नाही, आणि आईने एक्याऐंशी पुरी केली. परवा मी तिला त्या शेवटच्या ओळीविषयी विचारले, तेव्हा कोर्टात ती का सांगितली नाहीस, असेही विचारले. ती म्हणाली, “त्यांनी तेवढंच विचारलं. पत्र त्यांच्याच हातात होतं, मला वाटलं त्यांनी वाचलं असेल.”