बार्शी रस्त्यावरचे गाजरगवत

सोलापूरहून बार्शीकडे एस. टी.ने निघाले की वडाळा, वैराग ही गावे लागतात. मृगाचा पाऊस होऊन महिना-दीड महिना झाला की रस्त्याच्या दोन्ही कडा बारीक पांढऱ्या फुलांनी भरून जातात. नवख्या माणसाला वाटावे, कोणी हौसेने लावली आहेत! ते गाजरगवत. पडीक रान, गायरान, शाळेचे आवार, वस्तीमागचा उकिरडा, त्याला कोणतीच जागा वर्ज्य नाही. जनावर तोंड लावत नाही. भुकेपोटी खाल्लेच तर दूध कडू होते.

खेड्यात याला 'काँग्रेस' म्हणतात. फुले पांढऱ्या टोपीसारखी म्हणून, असे कोणी सांगतो. काँग्रेसच्या राज्यात अमेरिकेच्या मिलो-गव्हाबरोबर आले म्हणून, असे कोणी. पी. एल. ४८० चा करार ऑगस्ट १९५६ मधला आणि पुण्यात हे तण दिसल्याची नोंद १९५५ च्या सुमाराची. आम्हा कारकुनांना तारखा पाहण्याची खोड! अर्थात १९५१ सालीही अमेरिकेचा गहू आला होता, त्यामुळे गव्हावरचा संशय काही फिटत नाही. मूळ मात्र मेक्सिकोकडचे, हे नक्की.

पण खरा प्रश्न हातांचा आहे. तुरीत, सोयाबीनमध्ये खुरपणीला जातात त्या बहुतेक आपल्या भूमिहीन आया-बहिणी. या भागातल्या वस्त्यांवर बैठकीला गेलो की कोणीतरी बाई पदराआडचा हात पुढे करते. कातडी काळवंडलेली, जाड, चिरलेली. कोपराच्या लवणीत, मानेवर, पापण्यांवर खाज. या गवतात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते, त्याने हे होते. परागाने काहींना दमाही लागतो. एकदा अंगाने हे गवत धरले की पुढे थोडा स्पर्शही पुरतो. डॉक्टर मलम देतात आणि सांगतात, गवतापासून लांब राहा. लांब राहिले तर चूल कशी पेटणार? मजुरीच्या हिशेबात हातमोज्यांचा रकाना नसतो. रबरी हातमोजे आणि लांब बाह्यांचा जुना सदरा कामावर घेणाऱ्याने द्यावा, असे बायांनी एकजुटीने सांगितले पाहिजे.

उपटायचे ते फुलावर येण्याआधी, ओल असताना, मुळासकट. तेव्हा ते खताच्या खड्ड्यात घातले तरी चालते. फुलल्यावर घातले तर खताबरोबर बी शेतात परत येते. एकेका झाडाला हजारो बिया धरतात.

१९८४ साली बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकोतून एक भुंगा आणला, झायगोग्रामा. पांढुरका, पाठीवर तपकिरी रेघा. पावसाळ्यात त्याच्या अळ्या आणि तो स्वतः गाजरगवताची पाने फस्त करतात; पाऊस सरला की जमिनीत दडून बसतो. गवतावर असा किडा दिसला तर त्याला मारू नका.