शहाड ते कुलाबा : म्युऑनचा हिशेब

शहाड म्हटले की लोकांना सेंच्युरी रेयॉनची चिमणी, बिर्ला मंदिर आणि मुरबाड रस्त्याच्या पुलावरील वाहनांची रांग आठवते. पण याच शहाडच्या फलाटावर आपण लोकलची वाट पाहत उभे असतो, तेव्हा आकाशातून एक न दिसणारा पाऊस सतत पडत असतो. अंतराळातून येणारे किरण हवेवर आदळतात आणि सुमारे १५ किलोमीटर उंचीवर म्युऑन नावाचे कण तयार होतात. हात पुढे केला तर तळहातातून मिनिटाला सुमारे १०० म्युऑन आरपार जातात. छत्री, फलाटाचे पत्रे, डब्याचे छप्पर, काहीही त्यांना अडवीत नाही. आयाबहिणींनी घाबरू नये, माणूस जन्माला आला तेव्हापासून हे चालूच आहे.

म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा थोरला भाऊ. वजनाने २०७ पट जड, पण अल्पायुषी. सेकंदाचे १० लाख भाग केले तर त्यातले जेमतेम दोन भाग तो जगतो.

कसारा मार्गाची लोकल पकडली की शहाडहून थेट सीएसएमटी, आणि तेथून बसने कुलाब्याचे नेव्हीनगर. तेथे समुद्राच्या काठी टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभा यांनी ती १९४५ साली सुरू केली. भाभांचा स्वतःचा अभ्यास याच आकाशातून येणाऱ्या किरणांचा होता.

वाटेत मुंब्रा आणि कळवा यांच्या दरम्यान पारसिकचा डोंगर लागतो. लांब पल्ल्याच्या गाडीने त्याच्या बोगद्यातून गेलात, तर तेवढा वेळ अंगावरचा म्युऑनचा पाऊस बराच ओसरतो, कारण वर खडक असतो. हीच युक्ती टाटा संस्थेच्या संशोधकांनी कर्नाटकातील कोलार सोन्याच्या खाणीत वापरली. कामगारांनी घाम गाळून खोदलेल्या त्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोल, त्यांनी यंत्रे बसवली. तेथे म्युऑनची गर्दी जवळजवळ नसल्याने १९६५ साली वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनो कणांची खूण सापडली. या कामात जपान आणि इंग्लंडचे संशोधकही होते. सोने संपले, खाण २००१ साली बंद झाली. ही नोंद मात्र जगाच्या विज्ञानात राहिली.

आता हिशेबाकडे येऊ. म्युऑन हा एक बारीकसा लोहचुंबकच होय. साध्या गणिताने त्याच्या चुंबकत्वाचा एक आकडा बरोबर २ यायला हवा. परंतु रिकामी जागा खरोखर रिकामी नसते. तेथे क्षणभर कण उगवतात आणि नाहीसे होतात. त्यांच्या धक्क्याने आकडा २ पेक्षा किंचित वाढतो. ही वाढ निम्मी करून लिहिण्याचा प्रघात आहे. सिद्धांतवाल्यांनी २०२० साली ती काढली : ०.००११६५९१८१०. प्रयोगवाल्यांची वही मात्र जुळेना. २०२१ साली जाहीर झालेला फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता ४० हजारांत एक, इतका मोठा होता. आपल्याला माहीत नसलेला एखादा कण निसर्गात दडला आहे की काय?

मोजणी अमेरिकेत शिकागोजवळ फर्मिलॅब येथे झाली. त्यासाठीचे ५० फूट व्यासाचे चुंबकाचे कडे २०१३ साली न्यूयॉर्ककडून बहुतांश पाण्यातून, तराफ्यावर ठेवून आणले, कारण ते किंचितही वाकून चालणार नव्हते. आपल्या शहाडच्या पुलावरून ते गेलेच नसते! जून २०२५ मध्ये शेवटचा आकडा आला : ०.००११६५९२०७१.

हिशेबात फरक निघाला की कारकून आधी दुसऱ्याच्या वहीतून उचललेली रक्कम तपासतो. येथेही तशी एक रक्कम होती. क्वार्कमुळे पडणारा धक्का कागदावर काढता येत नाही, म्हणून तो इतर प्रयोगांच्या आकड्यांवरून घेतला होता. काही सिद्धांतवाल्यांनी ही उसनवारी सोडली. अवकाश आणि काळ यांची चौकटीच्या वहीसारखी जाळी कल्पून त्यांनी महासंगणकावर स्वतः बेरीज केली. मे २०२५ मध्ये नवा आकडा जाहीर झाला : ०.००११६५९२०३३. ताळा जमला.

याच जाळीच्या पद्धतीचे काम कुलाब्यातही चालते. २०२३ साली तेथील नीलमणी माथूर आणि सहकाऱ्यांनी सहा बॉटम क्वार्क एकत्र बांधलेला कण शक्य आहे, असे गणिताने दाखवले. प्रयोगात तो अजून दिसलेला नाही.

तथापि म्युऑनची वही अजून मिटलेली नाही. सिद्धांताच्या आकड्यातील अनिश्चितता प्रयोगापेक्षा सुमारे चौपट आहे, म्हणजे एखादा छोटा फरक तिच्यात लपू शकतो. शिवाय उसन्या आकड्यांचे कोडे तसेच आहे. रशियात नोव्होसिबिर्स्क येथे २०२३ साली आलेले आकडे आधीच्या प्रयोगांशी जुळत नाहीत. त्यांची तपासणी चालू आहे, आणि जपानमध्ये म्युऑन अगदी वेगळ्या रीतीने मोजण्याची तयारी होत आहे.